चादरीवरचं वर्ष

विश्वनाथ मास्तरांनी चौथीच्या वर्गाचं अख्खं वर्ष एका चादरीवर काढलं होतं, आणि त्या चादरीवर त्यांच्या सासूबाईंनी मुंगवड्या घातल्या होत्या.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते सकाळची शाळा आटोपून नुकतेच घरी आले होते. एप्रिलच्या उन्हानं नागपूरच्या महाल भागातले रस्ते ओस पडले होते. चपला काढण्याआधीच त्यांनी बायकोला विचारलं, "चादर कुठं हाय?"

तारा भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होती. तिला नववा लागला होता आणि उठबस करायला वेळ लागत होता.

"कोणती चादर?"

"चित्राची. खाटेवर गुंडाळून ठेवली होती मी."

ताराचा हात सुपातच थांबला. "अव माय! आई तं सकाळी एक चादर घेऊन गच्चीवर गेली. वड्या घालाले."

"तू पाह्यली नाई?"

"माहा डोळा लागला होता. उठून पाह्यतो तं डाळ वाटून, वड्या घालून, आई काठी घेऊन कावळे हाकलून राहिली." तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "धुतल्यावर निघन नं?"

धुतल्यावर वड्याही निघाल्या असत्या आणि चौथीचं वर्षही.

त्या चादरीची हकीकत अशी होती. विश्वनाथ शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. नागपूरची राजधानी गेली, शहर मुंबई राज्यात आलं, आणि शाळेच्या कमिटीला खर्च कमी करायची घाई झाली. प्राथमिक शाळेत ड्रॉइंगचा वेगळा मास्तर म्हणजे चैन, असं कमिटीचं मत पडलं. पण त्याच सुमारास समवायाचं वारं जोरात होतं. एखादी कला किंवा हस्तव्यवसाय मधे धरायचा आणि गणित, भूगोल, भाषा, विज्ञान सगळं त्याच्याभोवती गुंफायचं, अशी ती पद्धत. हेडमास्तर मधुकरराव भले गृहस्थ होते. त्यांनी कमिटीला सांगितलं, "आमचे विश्वनाथराव चित्रकलेतून पूर्ण वर्षाचा आराखडा करून दाखवतील. शिक्षणखात्याच्या डेप्युटी साहेबांनी तो मान्य केला तर त्यांची जागा ठेवा. नाही केला, तर जूनपासून बंद करा."

म्हणजे घरात पाळणा हलायच्या वेळी मास्तरांची नोकरी राहणार की जाणार, ते त्या आराखड्यावर ठरणार होतं.

एवढा मोठा कागद मिळेना. तेव्हा उमरेडला हातमाग चालवणाऱ्या थोरल्या भावानं, शालिकरामनं, एक पांढरी चादर विणून पाठवली. मास्तरांनी तिच्यावर नागपूर काढलं. जूनमध्ये जुमा तलाव, श्रावणात अंबाझरीचा तलाव, दिवाळीनंतर संत्र्यांचे बगीचे, माघात रामटेक. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी महिन्यांची वाट जात होती, आणि त्या वाटेतून प्रत्येक विषयाचा एकेक रंगीत धागा. मास्तर कोष्ट्याच्या घरचे असल्यानं त्यांना विषय उभ्या ताण्यासारखे आणि महिने आडव्या बाण्यासारखे दिसत. मुलांना रंग विकत घ्यावे लागू नयेत म्हणून रंगही घरचेच केले होते. हळदीचा पिवळा, पळसाच्या फुलांचा केशरी, गोकर्णाचा निळा, गेरूचा तांबडा. पाणी लागलं की ते रंग ओघळत. पण चादरीला पाणी लागेल असं मास्तरांच्या मनातही आलं नव्हतं.

"आईले सांगू का मी?" ताराने हळूच विचारलं.

"नको!" मास्तर घाईघाईनं म्हणाले.

त्याला कारण होतं. सासूबाई गोदूबाई स्वभावानं मानी होत्या. थोरल्या जावयाकडे असताना, "भाजीत मीठ जरा जास्त झालं," एवढं ऐकून त्या जेवणावरून उठल्या होत्या आणि मिळेल त्या बैलगाडीनं पारशिवनीला परतल्या होत्या. त्यानंतर त्या घरात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. ताराचं हे पहिलंच बाळंतपण, आणि त्यासाठीच गोदूबाई इथं आल्या होत्या. आईशिवाय तिला कोण होतं?

शिवाय, सांगणार तरी कसं? गोदूबाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर त्या पदर पुढे ओढून पाठ फिरवीत आणि त्याच्याशी थेट एक शब्द बोलत नसत. सगळं ताराच्या मार्फत. मास्तर मुळातच लाजाळू, त्यामुळे त्यांना ही रीत फार सोयीची वाटे. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि सासू-जावयांनी एकमेकांचा चेहरासुद्धा नीट पाहिला नव्हता.

"पण घाई काय हाय?" तारा म्हणाली. "साहेब पुढच्या आठवड्यात येनार हायेत नं? तवरीक काहीतरी करू."

"उद्या येऊन राहिले," मास्तर म्हणाले. "तेच सांगाले तं पळत आलो."

मास्तर गच्चीवर गेले. गोदूबाई जिन्याच्या सावलीत काठी घेऊन बसल्या होत्या. जावयाची चाहूल लागताच त्यांनी पदर ओढला आणि कठड्याकडे तोंड केलं. खाटेवर चादर अंथरलेली होती. चित्राची बाजू खाली, कोरी बाजू वर. म्हणजे सासूबाईंनी चित्र पाहिलं होतं आणि ते खराब होऊ नये म्हणून चादर मुद्दाम उलटी घातली होती. कोऱ्या बाजूवर वड्या होत्या. सरळ ओळींत, सारख्या अंतरावर, शाळेतली मुलं कवायतीला कधी उभी राहत नाहीत इतक्या शिस्तीत.

मास्तर खाटेशी वाकले. एक वडी त्यांनी हळूच सोडवली. ती वरून पिवळी आणि खालून निळी-हिरवी होती. ती अंबाझरीवरची होती. त्यांनी ती परत जागेवर ठेवली आणि बोटानं दाबली.

तारा खाली होती. बोलायचं तर कोणाच्या मार्फत बोलायचं, असा दोघांनाही प्रश्न पडला. कठड्यावर एक कावळा बसला होता. गोदूबाईंनी काठी खाली ठेवली आणि त्याला म्हणाल्या, "काय गा कावळ्या, जावयाले सांग, ऊन लय हाय. डोक्यावर दुपट्टा घ्या म्हना."

मास्तर गोंधळले. मग त्यांनीही कावळ्याकडे पाहूनच उत्तर दिलं. "सांग गा त्यायले, मले काही होत नाई. मी बसतो इथं. तुम्ही खाली जा म्हना, तारा एकटी हाय."

वड्या राखायला जावई बसतो म्हणाला! गोदूबाईंना काही क्षण जागचं हलवेना. मग त्या लगबगीनं खाली गेल्या, आणि थोड्याच वेळात अंगणातून त्यांचा आवाज वर आला. शेजारच्या प्रयागबाईंना त्या सांगत होत्या, "माहा जावई म्हंजे देवमानूस हाय वं! मास्तर मानूस, पन भर उन्हात वड्या राखून राहिला!"

"खरंच का वं? आमचा तं राखाच्या अगोदर खाते," प्रयागबाई म्हणाल्या, आणि खरं-खोटं पाहायला दोन जणींना घेऊन गच्चीवर आल्या. मास्तर मान खाली घालून बसून राहिले. तेवढ्यात त्या कावळ्यानं एक वडी अर्धी खाल्ली.

सोडवायला जावं तर रंग ओघळत होते, आणि न सोडवावं तर वड्या चिकटत होत्या. मास्तर ऊन उतरेपर्यंत विचार करत बसले. विचार बरेच सुचले. त्यांतला एकही करून पाहावा असा त्यांना वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तोंड धूत होते. इतक्यात सासूबाईंचा आवाज आला. "तारा, सांग वं तुह्या नवऱ्याले, वड्या चिकटल्या हायेत. खालच्या अंगानं पानी शिपडतो अन् सोडवून घेतो."

खालच्या अंगानं पाणी! खालच्या अंगाला तर रामटेक होतं. मास्तर ओल्या तोंडानंच जिना चढले. गोदूबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन खाटेशी उभ्या होत्या.

"नका!" मास्तर ओरडले. "पानी नका लावू!"

जावई सासूशी थेट बोलला होता, आणि तोही ओरडून. गोदूबाईंनी तांब्या खाली ठेवला. मास्तरांनी मागे पाहिलं. तारा कठडा धरून धापा टाकत वर आली होती. तिनं दोघांकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाली, "आई, याइले वड्या शाळेत न्याच्या हायेत. चादरीसकट. साहेबाले दाखवाच्या हायेत."

"काहून?"

"साहेब मुंबईकडचा हाय. त्याले आपल्याकडच्या मुंगवड्या मालूम नाईत."

गोदूबाई चादरीचा एक कोपरा सरळ करायला वाकल्या. तो उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि सावकाश म्हणाल्या, "सांग वं त्यायले, मी बी येतो. माह्याशिवाय नेऊ नका म्हना." आणि ठेवणीतलं लुगडं नेसायला खाली गेल्या.

चादर घडी करता येत नव्हती, म्हणून खाटच न्यायची ठरली. पुढून शेजारचे रुपराव, मागून मास्तर. वड्यांवर धूळ बसू नये म्हणून गोदूबाईंनी वरून एक पांढरं धोतर टाकलं. मग त्या स्वतः पदर तोंडावर ओढून मागे निघाल्या. रडल्यासारखं दिसू लागलं, पण त्याला इलाज नव्हता.

चौकात पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. दोघांनी टोप्या काढल्या. एका म्हाताऱ्यानं हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं गा, रुपराव?"

"कोनी नाई गेलं. मुंगाच्या वड्या हायेत."

म्हाताऱ्यानं मान हलवली. दुःखानं माणसाचं डोकं असं फिरतं, हे त्यानं बरंच पाहिलं असावं. तो हात जोडून थोडं अंतर त्यांच्या मागून चालला. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत मागे आणखी काही माणसं जमली होती. एकानं तर खांदा बदलायची तयारी दाखवली. रुपरावांनी ती लगेच मान्य केली, कारण त्यांचा खांदा खरंच दुखत होता.

मधुकरराव फाटकातच येरझारा घालत होते. पांढऱ्या कापडाखालची खाट आत येताना पाहून ते पांढरेफटक पडले.

"विश्वनाथराव! कोण?"

मास्तरांनी त्यांना बाजूला नेऊन कानात सगळं सांगितलं. मधुकररावांना थोडं हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. "अहो, साहेब येऊन बसलेत माझ्या खोलीत! आता कसं करायचं? एक करू. भिंतीवर लावू, चित्राची बाजू पुढे. वड्या मागे राहतील. कोण बघतंय मागे?"

चौथीच्या वर्गात दोन खिळ्यांना दोरी बांधून चादर टांगली. वड्या आता दगडासारख्या कडक होऊन चिकटल्या होत्या, एकही पडली नाही. पण समोरून पाहिलं तर नागपूरभर पिवळे गोल डाग पडले होते. जुमा तलावापासून रामटेकपर्यंत, सरळ ओळींत. काही ठिकाणी निळा रंग पिवळ्यात उतरून हिरवा झाला होता. संत्र्यांच्या बागेत कुठला डाग आणि कुठलं संत्रं, हे मास्तरांनाही सांगता आलं नसतं. गोदूबाई दाराशी उभ्या राहिल्या.

डेप्युटी साहेब आत आले. साताऱ्याकडचे, म्हणजे इथल्या भाषेत मुंबईकडचेच, उंच, चष्मा घातलेले. महिनाभर ते शाळाशाळांतून आराखडे पाहत फिरत होते आणि त्यांचा चेहरा तसाच झाला होता. त्यांनी चादर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मग त्यांनी एका पिवळ्या गोलावर बोट ठेवलं.

"मास्तर, काम मेहनतीचं आहे. पण हे डाग कसले? सरकारी कामाला आणायचा तक्ता असा?"

मधुकरराव पुढे झाले. "साहेब, त्याचं असं झालं, यांच्या सासूबा..."

"डाग नाहीत ते," विश्वनाथ मास्तर म्हणाले.

त्यांनी हेडमास्तरांना मधेच तोडलं होतं. असं त्यांच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. दाराशी पदराखाली उभी असलेली गोदूबाईंची आकृती त्यांना दिसत होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता, तर पारशिवनीची बैलगाडी फाटकाबाहेरच उभी होती असं समजायला हरकत नव्हती.

"डाग नाहीत. तो पाठ आहे. चैत्राचा. मागून पाहावं लागतं."

त्यांनी चादरीचं एक टोक उचललं. चौथीच्या मुलांना वर्गात असा प्रकार कधी पाहायला मिळाला नव्हता. ती न बोलावताच चादरीमागे शिरली. "मुंगवड्या! गुरुजी, मुंगवड्या!"

"हो. आता सांगा, एका ओळीत किती? ओळी किती? म्हणजे एकूण किती?"

भांडण सुरू झालं. दोघांची उत्तरं जुळेनात. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही अर्धी हाय! कावळ्यानं खाल्ली!"

"मग ती कशी लिहायची?"

"एक छेद दोन!" तिनं सांगितलं. अपूर्णांक त्या वर्गाला वर्षभर नीट उमगले नव्हते. मास्तर थोडे थबकले. मग त्यांना आणखी सुचू लागलं. "हा मूग पारशिवनीचा. तो नागपूरला येताना वाटेत कोणती नदी लागते? चादरीवर शोधा. वडी ओली होती, आता कोरडी आहे, तर पाणी गेलं कुठं? अंबाझरीवरची वडी हिरवी का झाली? निळ्यात काय मिसळलं?"

मुलं चादरीच्या पुढून मागे आणि मागून पुढे पळत होती. पुढे नदी शोधायची, मागे वडी मोजायची. मधुकरराव तोंड उघडं टाकून पाहत होते. साहेब खुर्ची पुढे ओढून बसले.

"गणित झालं, भूगोल, विज्ञान, चित्रकला झाली," साहेब म्हणाले. "भाषा राहिली. भाषेचं काय, मास्तर?"

मास्तर थांबले. भाषेचं काही त्यांना सुचेना. इतका वेळ बोलल्यावर त्यांना एकदम आठवलं की आपण लाजाळू आहोत. त्यांनी मुलांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"साहेब, मी बोलतो," दारातून आवाज आला.

गोदूबाई आत आल्या. साहेब काही त्यांचा जावई नव्हता, तेव्हा त्यांनी पदर मागे सारला.

"जावई खोटं बोलून राहिले. पाठ-गिठ काही नाई. त्या वड्या म्याच घातल्या. चादरीची एक बाजू साफ दिसली, घेतली. कोनाले इचारलं नाई. रंग वल्ला होईन, हे मले कसं कळावं? आज सकाळी कोपरा उचलून पाह्यला तवा समजलं, साहेबाले दाखवाचं चित्र हेच होतं. मंग म्हटलं, आपन सोता जाऊन सायबाले सांगाव. ह्या मानसानं कालपासून मले एक वाकडा शब्द नाई म्हटला, साहेब. वरून उन्हात बसून वड्या राखल्या. चूक माही हाय. नोकरी कापाची असन तं माही कापा."

एका मुलानं विचारलं, "आजी, तुमची कोनती नोकरी हाय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "भाषा झाली," ते म्हणाले.

निघताना त्यांनी मधुकररावांना सांगितलं की ड्रॉइंगच्या मास्तरांना ठेवा, मी कमिटीला कळवतो. मग ते विश्वनाथ मास्तरांकडे वळले. "तुमचा बाकीचा आराखडा देखणा आहे. पण तो तुम्ही एकट्यानं पुरा करून टाकलाय. मुलांना करायला काही ठेवलेलं नाही. वर्षातला हा एकच पाठ खरा. जुलैत सगळ्या शाळांच्या शिक्षकांना बोलावतो, त्यांच्यासमोर हाच करून दाखवा."

"जुलैत?" मास्तर घाबरून म्हणाले. "साहेब, पावसात वड्या वाळत नाहीत."

"मग वाळत का नाहीत, तोच पाठ घ्या," असं म्हणून साहेब गेले.

खाट घरी परत नेताना चौकातला म्हातारा अजून बसलेला होता. खाट परत येताना पाहून तो पानठेल्याच्या आत सरकला.

दोन दिवसांनी मास्तर दुपारी जेवायला बसले. तारा आत झोपली होती. चादर दोरीवर टांगली होती आणि तिच्यावर एकही वडी नव्हती. गोदूबाईंनी पाण्याचा थेंब न लावता, नखानं, एकेक वडी कोरडीच सोडवली होती. त्यात सगळ्या वड्यांचे तुकडे झाले. ताराच्या धाकट्या बहिणीच्या घरी पाठवायला एक सबंध वडी उरली नाही. मात्र रामटेक होतं तसं होतं.

ताटात वड्यांची भाजी पडली. पिवळी, हिरवी, कुठं निळी. मास्तरांनी घास घेतला. गोदूबाई पाठ फिरवून उभ्या होत्या. तारा झोपलेली, आणि कावळाही कुठं दिसत नव्हता. गोदूबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं, चुलीकडे पाहिलं. मग पदर न ओढताच वळल्या.

"जावई, मीठ जास्त तं नाई झालं?"

मास्तरांनी सवयीनं उत्तर द्यायला कोणी सापडतं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं. मीठ चांगलंच जास्त झालं होतं.

"नाई, आई," ते सासूबाईंकडे पाहून म्हणाले. "हिरवी असन तं अजून वाढा."